पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदाच कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांसाठी

जूनचा दुसरा आठवडा उलटला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न ठरलेला: "कुत्रा सारखा खाजवतोय, काय लावू?" खाली उत्तरांची रांग लागते. कुणी कापूर सांगतं, कुणी लसूण, कुणी मानेवर टाकायचे थेंब, तर कुणी थेट पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर देऊन मोकळं होतं. यातलं जवळजवळ प्रत्येक उत्तर कुत्र्याकडे बघून दिलेलं असतं. फरशीकडे कुणी बघतच नाही.

अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण संख्येच्या साधारण ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात दिवाणाखाली, पायपुसण्यात, सोफ्याच्या फटीत आणि कुत्रा झोपतो त्या गोधडीत असतात. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते. ती अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, कुत्रा जिथे झोपेल, अंग झटकेल तिथे गळून पडतात. त्यातून निघणारी अळी उजेडापासून दूर पळते, फटीत शिरते आणि मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा, म्हणजेच वाळलेलं रक्त, खाऊन वाढते. मग कोश. आपल्याकडच्या दमट उकाड्यात हे सगळं चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. म्हणून कुत्र्याला कितीही घासलंत आणि घर तसंच ठेवलंत, तर पंधरवड्यात पुन्हा येरे माझ्या मागल्या.

नव्याने प्राणी घरी आणलेल्यांसाठी कामाचा क्रम पुढे देतो आहे. मेहनत सगळी घराच्या बाजूला आहे, औषधाची बाटली बरीच उशिरा येते.

आधी खात्री करा

पिसू तांबूस-काळी, दोन-तीन मिलीमीटरची असते. दोन्ही बाजूंनी चपटी असल्यामुळे केसांच्या दाटीतून सुळकन पळते आणि बोट टेकायच्या आत उडी मारते. गोचीड पळत नाही. कानात, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली एका जागी चिकटते आणि रक्त पिऊन फुगते. या दोघींचा घोळ इतका सर्रास होतो की उपाय भलत्याचाच केला जातो. हा लेख पिसवांबद्दल आहे. गोचिडीतून कुत्र्याला एर्लिकिया, बबेसियासारखे आजार होतात, दवाखान्यात त्यांना सरसकट 'टिक फीवर' म्हणतात, आणि त्यात कुत्री दगावतात. गोचिडी सापडत असतील तर फणी-केरसुणीवर भागवू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

पिसवांची खूण बघायला पिसू सापडायलाच हवी असं नाही. पांढरा टिश्यू पेपर ओला करून पिळून घ्या आणि जमिनीवर पसरा. कुत्र्याला त्यावर उभं करून शेपटीच्या मुळाशी, कमरेवर केस उलट्या दिशेने खसाखसा चोळा. कागदावर मिऱ्याच्या भरडीसारखे बारीक काळे कण पडतील. मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबडं-विटकरी वलय पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, कारण त्यात पचलेलं रक्त आहे. काळा कण काळाच राहिला तर ती नुसती धूळ. मांजरं अंग चाटून पिसवा गिळून टाकतात, त्यामुळे त्यांच्या अंगावर एकही पिसू दिसत नाही आणि मालक निर्धास्त असतो. त्यांच्यासाठी ही कागदाची परीक्षा फार उपयोगी.

फणी

पिसवांची धातूची फणी पाळीव प्राण्यांच्या कुठल्याही दुकानात मिळते. उवांची बारीक दातांची फणीही मांजराला आणि आखूड केसांच्या कुत्र्याला चालते. शेजारी एका वाटीत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. साबण हवाच, कारण साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून बाहेर येते. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते.

सुरुवात मानेपासून, मग हनुवटीखाली, काखा, पोट, शेवटी कंबर आणि शेपटीचं मूळ. फणी कातडीला टेकवून सावकाश ओढायची, प्रत्येक ओढीनंतर वाटीत बुडवायची. फणीच्या दातांत केसांचा पुंजका येतो, त्यात काळे कण असतात आणि त्यांच्यामध्ये एखादी पिसू पाय झाडत असते. नखाने चिरडायच्या भानगडीत पडू नका. पिसवेच्या पोटात पट्टकृमीचं लहान रूप असू शकतं. कुत्रा-मांजर पिसू गिळतं तेव्हा त्यांना तो जंत याच वाटेने होतो, आणि लहान मुलांनी चुकून गिळली तर त्यांनाही. विष्ठेभोवती तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर जंताचं औषध लागेल.

पहिले दोन आठवडे रोज, नंतर एक दिवसाआड. लांब केसांच्या जातींना, म्हणजे शिट्झू, ल्हासा वगैरेंना, पावसाळ्यात केस आखूड करून घेतले तर निम्मी लढाई जिंकली. कोरड्या केसांत फणी अडकत असेल तर हाताला थेंबभर खोबरेल लावा. त्याने पिसवा मरत नाहीत, फणी सरकते इतकंच.

आंघोळ

कुत्र्यांचा साधा, सौम्य शाम्पू पुरतो. पिसवा फेसात बुडून मरतात, त्यासाठी त्यात कीटकनाशक असायची गरज नाही. फक्त क्रम पाळा: आधी मानेभोवती दाट फेसाचं कडं करा, मग बाकी अंग भिजवा. उलटं केलं तर सगळ्या पिसवा पाण्याच्या पुढे पळत डोक्याकडे, कान-डोळ्यांपाशी जमा होतात. फेस पाच-दहा मिनिटं राहू द्या. माणसांचा साबण नको, कुत्र्याची कातडी त्याने कोरडी पडते आणि खाज वाढते. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त आंघोळही नको. मांजराला आंघोळ घालायचा हट्ट सोडा, फणीवर भर द्या.

कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी शेवटी कुत्र्याच्या अंगावर ओततात. आज्यांची जुनी रीत आहे, कुत्र्याला करायला हरकत नाही. पण तेवढ्याने पिसवा जातील ही आशा ठेवू नका.

घर: खरं काम इथे

कुत्र्याचं अंथरूण, गोधडी, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी आठवड्याला एकदा ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुवा. मशीनला हीटर नसेल तर बादलीत उकळतं पाणी ओतून त्यात भिजवा, मग नेहमीसारखी धुवा. कुत्र्याला पोत्यावर किंवा जाड गादीवर झोपवण्यापेक्षा दोन जुन्या चादरी आलटून पालटून वापरणं सोयीचं, कारण त्या खरोखर धुतल्या जातात. जाड गादी 'पुढच्या रविवारी' म्हणत दिवाळीपर्यंत तशीच राहते.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर एक दिवसाआड फिरवा. दिवाण सरकवून, भिंतीच्या कडेने, सोफ्याच्या उशा काढून. कोश चिकट असतो, त्यावर धूळ-तंतू चिकटून तो ओळखूही येत नाही आणि झाडूला दाद देत नाही. मात्र व्हॅक्यूमच्या थरथरीने आतली पिसू बाहेर येते आणि ओढली जाते. पिशवी लगेच रिकामी करा, कचरा प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून घराबाहेर. व्हॅक्यूम नसेल तर केरसुणीने कोपरे झाडून वर ओल्या फडक्याने पुसा, लाद्यांच्या सांध्यांवर जोर द्या. घरकामाच्या मावशींना दिवाण सरकवायला एकट्याने सांगू नका, त्या दिवशी तुम्हीही हात लावा. तिथेच अळ्या असतात.

या कोशांमुळे एक गंमत होते. आत बसलेली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. तिला हादरा, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. दिवाळीत आठवडाभर गावी जाऊन आलात, कुलूप उघडून आत पाऊल टाकलं आणि घोट्यांवर पिसवा तुटून पडल्या, असं सांगणारे भेटतात. कुत्रा तर सोबतच होता, मग पिसवा आल्या कुठून? त्या तुमचीच वाट बघत होत्या. पेस्ट कंट्रोलची फवारणीही कोशाच्या आत पोचत नाही. म्हणून सफाई सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात अचानक पिसवा वाढल्यासारख्या वाटल्या तरी हात टेकू नका. जुने कोश फुटत असतात. दोन महिने चिकाटी धरावी लागते.

आपल्याकडची अडचण म्हणजे ओल. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की अळ्या सुकून मरतात, पण ठाण्यात किंवा वाशीत जुलैमध्ये ही मेहेरबानी कोण करणार? तरी घराचा एक कोपरा कोरडा ठेवणं हातात असतं. कुत्र्याची जागा बाल्कनीच्या ओल्या कडेवरून पंख्याखाली हलवा. उघडीप मिळाली की अंथरूण उन्हात टाका. एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर असेल तर जिथे प्राणी झोपतो त्याच खोलीत लावा. ऑक्टोबरच्या उन्हात हे सगळं फारच सोपं होतं. पण थंडीने पिसवा मरतील अशी थंडी इथे पडत नाही, त्यामुळे डिसेंबरमध्ये फणी माळ्यावर टाकू नका.

आणि मुंग्यांना उगाच मारू नका. मुंग्या पिसवांची अंडी-अळ्या खातात. मुंग्यांचा खडू फिरवून आपण आपलेच फुकटचे कामगार घालवतो, शिवाय तो खडू कीटकनाशकाचाच असतो आणि कुत्रा-मांजर तिथेच पाय ठेवून पंजे चाटतात.

घरगुती म्हणून सुरक्षित, असं नाही

नैसर्गिक उपायांच्या नावाखाली जे काही केलं जातं, त्यातलं बरंचसं रोगापेक्षा इलाज भयंकर या जातीचं आहे. लसूण आणि कांदा पोटात गेला तर कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. 'लसूण खाल्ला की पिसवा येत नाहीत' हे विसरा. कापूर तेलात कालवून लावू नका, चाटला तर झटके येऊ शकतात. टी ट्री ऑइल, लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल, निलगिरी, पातळ न केलेलं कडुनिंबाचं तेल मांजरांना तर नकोच नको. मांजराचं यकृत अशी द्रव्यं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही. डांबर गोळ्या अंथरुणात ठेवणं, काळ्या फिनाईलने कुत्र्याची जागा पुसणं, रॉकेल चोळणं ही कामं आजही होतात. यातलं एकही करू नका. डायटमेशियस अर्थ नावाची पांढरी पूड ऑनलाइन मिळते. ती कोरडी असेल तरच काम करते, आपल्या पावसाळ्यात ओली होऊन नुसता चिखल होतो, आणि उडाली तर प्राण्याच्या आणि तुमच्या फुप्फुसात जाते.

'हर्बल' लिहिलेल्या कॉलरवर आणि स्प्रेवर पैसे घालवण्याआधी मागची बाजू वाचा. आत काय आहे तेच लिहिलेलं नसेल तर परत ठेवून द्या.

मग औषध कधी?

औषधाच्या मी विरोधात नाही. पिल्लू लहान असेल आणि हिरड्या फिक्या दिसत असतील तर पिसवांनी रक्त कमी केलेलं असू शकतं, तिथे फणी घेऊन बसायला वेळ नसतो. कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर एक-दोन चावेही पुरतात आणि कमरेवरचे केस जाऊन जखमा होतात. गोचिडींचं वर सांगितलंच. या तिन्ही ठिकाणी डॉक्टर सांगतील ते औषध द्या. माझा आक्षेप आहे तो पिसू नसतानाही दर महिन्याच्या एक तारखेला सवयीने थेंब टाकण्याला.

कारण ते थेंब कुत्र्यावर राहत नाहीत. या थेंबांमध्ये बहुतेक वेळा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. ही दोन्ही मुळात शेतीत वापरली गेलेली कीटकनाशकं, आणि युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडचा उघड्या शेतातला वापर मधमाश्यांमुळे बंद केला. २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्या नमुन्यांत फिप्रोनिल आणि सुमारे दोन तृतीयांश नमुन्यांत इमिडाक्लोप्रिड निघालं. तिथे शेतीत त्यांचा वापर जवळपास थांबलेला असताना. पुढच्या अभ्यासात वाट सापडली: कुत्र्याची आंघोळ, त्याचं अंथरूण धुतलेलं पाणी, आणि कुत्र्याला कुरवाळून धुतलेले मालकाचे हात. हातांवरून औषध उतरणं तर थेंब टाकल्यानंतर किमान २८ दिवस चालू होतं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं मुळात अशा रसायनांसाठी बांधलेलीच नसतात, त्यामुळे बराचसा भाग पुढे वाहून जातो.

आता आपल्या बाथरूमच्या जाळीपासून पुढे नजर टाका. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ, कुठलंही घर घ्या, पाणी अखेर ठाणे खाडीकडेच जातं. खाडीचं दुखणं काही आपल्या कुत्र्याने आणलेलं नाही, तिच्यात कारखाने आणि शहरं वर्षानुवर्षं काय सोडत आली आहेत ते वासावरून कळतं. पण याच खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. तिथे येणारा लहान रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) मुख्यतः शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित मात्र बारीक कोळंबी आणि किड्यांच्या अळ्याही खातो. हिवाळ्यात चिखलात चोची खुपसत फिरणारे तुतवार आणि चिखले जगतात तेच मुळी चिखलातल्या जीवांवर. फिप्रोनिल कोळंबीसारख्या कवचधारी जीवांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहे. गोड्या पाण्यात, म्हणजे उपवन किंवा मासुंद्यासारख्या तलावांत, चतुरांच्या अळ्यांचं तेच. आणि या अळ्या डासांच्या अळ्या खातात, हे पालिकेच्या धूरफवारणीची वाट बघणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

औषध द्यावंच लागलं तर एवढं पाळा. वजनानुसार नेमकी मात्रा घ्या. मोठ्या कुत्र्याची कुपी अर्धी-अर्धी करून दोन लहानांना वाटणं बंद. केस बाजूला करून थेट कातडीवर टाका, केसांवर नाही, आणि हातमोजे घाला. थेंबांच्या आधी आंघोळ उरकून कुत्रा पूर्ण कोरडा झालेला असू द्या, म्हणजे नंतर लवकर धुवावा लागणार नाही. तो सगळा महिना कुत्र्याला येऊरच्या ओढ्यात किंवा तलावात उतरू देऊ नका. पावसाळ्यात तिकडे कुत्री पोहायला नेणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. रिकामी कुपी कचऱ्यात, संडासात नाही. गोळी द्यायची की थेंब, हे डॉक्टरांना विचारा. गोळी पाण्यात धुतली जात नाही, पण तिचा अंश विष्ठेतून बाहेर पडतो, तेव्हा विष्ठा उचलून कचऱ्यातच टाका. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही नको: काही थेंबांत आणि पावडरीत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजर झटके येऊन मरतं. घरात दोन्ही असतील तर दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा. सशाला फिप्रोनिल चालत नाही, हेही जाता जाता.

थेंब टाकलेल्या प्राण्याचे विंचरलेले केस बाल्कनीत उडवू नका. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात वल्गुलीच्या (टिट) जातीच्या लहान पक्ष्यांची १०३ घरटी तपासली होती. घरट्यात अस्तर म्हणून घातलेल्या केसांमध्ये फिप्रोनिल सगळ्याच घरट्यांत सापडलं, आणि जिथे कीटकनाशकं जास्त तिथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लं जास्त होती. आपल्याकडे चिमण्या आणि कावळेही घरट्यासाठी केस उचलतात. औषध न लावलेल्या कुत्र्याचे केस मात्र मार्च-एप्रिलमध्ये कुंडीच्या काठावर ठेवायला काहीच हरकत नाही.

जिन्याखालची मांजर

तुमचं घर लख्ख असलं तरी स्टिल्ट पार्किंगमध्ये पिल्लं घातलेली मांजर, वॉचमन काकांच्या खोलीबाहेर झोपणारा कुत्रा आणि डक्टमधल्या घुशी यांच्या पिसवा लिफ्टने वर येतातच. एकट्याने यावर उपाय नाही. सोसायटीत दोघा-तिघांनी मिळून पुढचं करता येतं. भटक्यांना खायला घालायची जागा कोरडी आणि उन्हाची ठरवा, गाड्यांखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नको. तिथे पडलेली पोती, जुन्या गाद्या, खोकी महिन्यातून एकदा काढून टाका. जिन्याखालची मातीची पोती आणि ओला पालापाचोळा हलवा, अळ्यांना ओल आणि अंधारच हवा असतो. नसबंदीसाठी मांजर-कुत्रा नेला जाईल तेव्हा पिसवांचं औषधही त्याच वेळी द्यायला सांगा, एरवी त्यांना पकडणं जमत नाही.

घुशींसाठी विष ठेवू नका. विष खाऊन सुस्तावलेली घूस गव्हाणी घुबड सहज उचलतं आणि विष घुबडाच्या पोटात जातं. शिवाय घूस मेली की तिच्या अंगावरच्या पिसवा नवं अंग शोधत बाहेर पडतात. बिळं बुजवा, ओल्या कचऱ्याच्या डब्यांना झाकणं लावा, डक्टला जाळी बसवून घ्या. जाळीचा खर्च कमिटी कुरकुर करत का होईना मंजूर करते, आधी तुमच्या मजल्यावरच्या जाळीचा दर काढून न्या.

फिरून आल्यावर कुत्र्याला दारातच, आत घेण्याआधी, दोन मिनिटं फणी फिरवा. कंबर आणि शेपटीचं मूळ एवढं पुरे. महिन्यातून एकदा ओल्या टिश्यूची परीक्षा घ्या, आणि सलग दोन महिने कागदावर तांबडं वलय उमटलं नाही की रोजची फणी आठवड्यावर आणा.